पिल्लाची नखे, आपले हात

नातवंडांच्या हट्टाखातर घरात कुत्र्याचे पिल्लू येते आणि शाळा सुरू झाली की दिवसभराचा त्याचा सांभाळ आजी-आजोबांच्या वाट्याला येतो. तक्रार कोणाचीच नसते. दुपारचे सुने घर त्या चार पायांच्या धावपळीने भरून जाते. मात्र महिना-दोन महिन्यांत आजींच्या हातावर, आजोबांच्या पोटरीवर लाल ओरखडे दिसू लागतात. पिल्लू चावलेले नसते. आनंदाने अंगावर उडी मारताना त्याची नखे लागलेली असतात.

पिल्लाची नखे सुईसारखी अणकुचीदार असतात. रस्त्यावर हिंडणाऱ्या कुत्र्याची नखे डांबरावर आणि दगडांवर झिजत राहतात. सदनिकेतल्या गुळगुळीत फरशीवर वाढणाऱ्या पिल्लाची झिजत नाहीत. तरुण माणसाच्या कातडीवर त्यांचा पुसट पांढरा ओरखडा उठतो. सत्तरी ओलांडलेल्यांची त्वचा मात्र पातळ झालेली असते, आणि त्याच नखाने ती कागदासारखी फाटते. हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी औषधे आपण घेत असाल, तर लहानशा ओरखड्यातूनही रक्त बराच वेळ वाहते. मधुमेहामुळे पावलांची संवेदना मंदावली असेल, तर पायावरचा ओरखडा दुसऱ्या दिवसापर्यंत लक्षातही येत नाही. म्हणून पिल्लाची नखे वेळच्या वेळी कापणे हा, ज्येष्ठांच्या घरात तरी, आरोग्याचाच विषय आहे.

त्याआधी एक गोष्ट, जी पुष्कळ घरांत दुर्लक्षिली जाते. कुत्रा पंजे चाटतो, त्यामुळे नखांना लाळ लागलेली असू शकते, आणि रेबीजचा विषाणू लाळेतूनच पसरतो. रेबीजची लस साधारणपणे पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर दिली जाते; त्यापूर्वी त्याला संरक्षण नसते. रस्त्यावरून उचलून आणलेल्या, आईचा पत्ता नसलेल्या पिल्लाच्या बाबतीत तर अधिकच दक्षता हवी. ओरखडा उठला, रक्त आले नसले तरी, ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. लस घ्यायची की नाही हे त्यांनी ठरवायचे, आपण नव्हे. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की उपचार जवळजवळ निष्फळ ठरतात, म्हणूनच इतक्या आग्रहाने हे लिहीत आहे.

आता नखांकडे वळू. आपल्या नखासारखे कुत्र्याचे नख चपटे नसते. ते गोलसर असते आणि त्याच्या मध्यातून रक्तवाहिनी व मज्जातंतू असलेला एक जिवंत गाभा गेलेला असतो. नख कापणे म्हणजे या गाभ्याला धक्का न लावता पुढचे निर्जीव टोक काढणे. नख पांढरे असेल तर हा गाभा उजेडात गुलाबी रेषेसारखा स्पष्ट दिसतो. त्याच्या दोन मिलिमीटर अलीकडेच थांबावे. काळ्या नखांचे, जी आपल्याकडच्या गावठी पिल्लांत सर्रास आढळतात, काम अवघड. तेथे एका वेळी तांदळाच्या कणीएवढाच तुकडा कापावा आणि प्रत्येक कापानंतर नखाचा कापलेला पृष्ठभाग निरखावा. तो कोरडा, फिकट, खडूसारखा दिसतो तोवर चिंता नाही. मध्यभागी ओलसर गडद ठिपका दिसू लागला की गाभा जवळ आला; तेथेच थांबावे.

पुढच्या प्रत्येक पंजाला आतल्या बाजूस, जरा वर, एक पाचवे नख असते. ते जमिनीला टेकतच नाही, म्हणून झिजतही नाही. दुर्लक्ष झाले तर वळून मांसात रुतते. अंगावर ओरखडे उठतात ते पुष्कळदा याच नखाचे. मागच्या पायांनाही क्वचित असे नख असते. केसाळ पिल्लाच्या पायांवरून बोट फिरवून ते शोधावे लागते.

साधनांचा फार बडिवार नको. दोन-तीन महिन्यांच्या लहान पिल्लाला आपले साधे नेलकटरही चालते, फक्त ते त्याच्यासाठी वेगळे ठेवावे. पिल्लू वाढले की कुत्र्यांसाठी मिळणारी नखकात्री घ्यावी. तिची पाती धारदार हवीत. बोथट कात्री नख कापत नाही, चिरडते, आणि पिल्लाच्या मनात भीती बसते ती त्या दाबाने. शेजारी वाटीत थोडे कॉर्नफ्लोअर किंवा औषधाच्या दुकानात मिळणारी रक्त थांबवणारी पूड काढून ठेवावी.

खरे काम कात्री उचलण्यापूर्वीचे आहे. पहिले आठ-दहा दिवस कात्रीला हातही लावू नये. रोज, पिल्लू पेंगुळलेले असताना, त्याचा एकेक पंजा हातात घ्यावा, बोटे हलकेच दाबावीत, सोडावीत आणि लगेच उकडलेल्या अंड्याचा किंवा पनीरचा कण द्यावा. मग कात्री नुसती जवळ ठेवावी, हुंगू द्यावी. मग ती नखाला टेकवावी. हे सारे उगीचचे लाड वाटतील, पण या वयात पंजाला हात लावू देण्याची सवय लागली नाही, तर पुढे पंचवीस किलोच्या कुत्र्याला धरायला तिघे जण लागतात. खाऊ देताना एक जपावे: मधुमेही माणसांच्या घरात शुगरफ्री गोळ्या, च्युइंगम असतात, त्यांतला झायलिटॉल हा पदार्थ कुत्र्यांना विषारी आहे. चॉकलेट आणि द्राक्षेही देऊ नयेत.

तिन्हीसांजेला नखे कापू नयेत असे घरातली वडीलधारी मंडळी सांगत. पिल्लाच्या बाबतीत ते अक्षरशः पाळावे, कारण भरपूर उजेड लागतो. सकाळी खिडकीपाशी, चष्मा लावून, पाठीला आधार असलेल्या खुर्चीत बसावे. जमिनीवर वाकून बसू नये. पिल्लू मांडीवर जाड टॉवेलवर घ्यावे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. शक्यतो एकाने पिल्लाला कुशीत धरून खाऊ चाटवावा, दुसऱ्याने नखे कापावीत. पाय बाहेरच्या बाजूला ओढू नये. तो नैसर्गिक रीतीने जसा दुमडतो तसाच धरावा. बोट अंगठा व तर्जनीत हलके धरले की नख पुढे येते. नखाचे खाली वळलेले टोक तेवढे कापावे. पिल्लाने पाय ओढला तर ओढाताण न करता सोडून द्यावा आणि तो निवांत झाल्यावर पुन्हा घ्यावा. एका बैठकीत दोनच नखे झाली तरी पुरे.

चुकून गाभा कापला गेला तर रक्त येते, आणि ते असते त्यापेक्षा जास्त वाटते. पिल्लू किंचाळते, आपलाही जीव खालीवर होतो. आरडाओरडा न करता कॉर्नफ्लोअर चिमटीत घेऊन नखाच्या टोकावर दाबून धरावे, दोन-तीन मिनिटे, मध्ये उचलून न पाहता. बहुधा रक्त थांबते. दहा मिनिटांनंतरही वाहत राहिले तर पशुवैद्यांकडे न्यावे. आपली वेदनाशामक गोळी मात्र त्याला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

हात थरथरत असतील, मोतीबिंदूमुळे नजर अंधुक असेल, किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर कात्री आपण धरूच नये. यात कमीपणा काही नाही. पिल्लाला कुशीत धरून शांत ठेवण्याचे काम आपले आणि कापण्याचे सुनेचे, मुलाचे किंवा पशुवैद्यांकडील मदतनिसाचे, अशी वाटणी उत्तम चालते. कानस फिरवण्याइतका हात स्थिर असेल तर तोही पर्याय आहे: नखाचे टोक साध्या कानशीने रोज थोडे घासले तर अणकुचीदारपणा जातो आणि गाभ्याला इजा होण्याची शक्यता फार कमी राहते.

साधारण दोन ते तीन आठवड्यांनी नखे पाहावीत. फरशीवरून पिल्लू चालताना टक्‌टक् आवाज येऊ लागला की वेळ झाली असे समजावे. थोडे थोडे, वरचेवर कापत राहिल्यास आतला गाभाही हळूहळू मागे सरतो आणि नखे आखूड ठेवणे सोपे जाते. महिनोन्‌महिने वाढू दिली तर गाभाही नखाबरोबर पुढे येतो. कोणत्या पायाची नखे झाली, कोणत्या राहिली, हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत औषधांच्या खुणांशेजारी टिपून ठेवावे, म्हणजे संध्याकाळी घरी आलेल्या मुलांना उरलेल्या पायांचे काम सांगता येते.