न दिसणाऱ्याचा ठावठिकाणा

कृष्णविवरातून प्रकाशसुद्धा बाहेर पडत नाही, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. मग ते आहे हे कळतं कसं? होस्टेलच्या गच्चीवर हा विषय निघाला की एक जण हमखास म्हणतो, "दिसत नाही ना, मग सगळ्या थापा!" मला हा आक्षेप मनापासून आवडतो. इंजिनिअरने मोजमापाशिवाय काही मानूच नये. म्हणून या लेखात फक्त मोजमापांबद्दल बोलू.

कृष्णविवर अंधारं असलं तरी त्याचं जेवण अंधारात होत नाही. शेजारी तारा असेल तर त्याचा वायू कृष्णविवराकडे ओढला जातो. तो सरळ आत पडत नाही. बेसिनमधलं पाणी गरगरत भोकाकडे जातं ना, तसा फिरत फिरत आत सरकतो आणि त्याची तबकडी बनते. आतले थर वेगात फिरतात, बाहेरचे सावकाश. या ओढाताणीत वायू लाखो अंशांपर्यंत तापतो. भट्टीतलं लोखंड लाल दिसतं; इतका तापलेला वायू क्ष-किरण फेकतो.

पण हे क्ष-किरण जमिनीवर पोचत नाहीत. आपल्या डोक्यावरच्या हवेचं वजन दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो, म्हणजे १० मीटर पाण्याच्या थराइतकं! त्यात ते शोषले जातात. त्यामुळे यंत्र वर न्यावंच लागतं. हंस तारकासमूहातला 'सिग्नस एक्स-१' हा क्ष-किरणांचा स्रोत १९६४ साली रॉकेटमधून सापडला. डिसेंबर १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळून 'उहुरू' उपग्रह सुटला, आणि त्याला या स्रोताची तेजस्विता सेकंदाच्या छोट्या अंशात कमीजास्त होताना दिसली.

आता सोपं गणित करू. वस्तू मोठी असेल तर तिच्या पुढच्या आणि मागच्या भागातला प्रकाश आपल्याकडे वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि जलद चढउतार पुसट होतात. समजा, एक दशांश सेकंदात ठळक बदल दिसला. प्रकाश तेवढ्या वेळात ३०,००० किलोमीटर जातो. म्हणजे स्रोत साधारण त्याहून मोठा असू शकत नाही. सूर्याचा व्यास आहे जवळपास १४ लाख किलोमीटर!

पण लहान म्हणजे लगेच कृष्णविवर नव्हे. न्यूट्रॉन ताराही लहानच असतो. निकाल लागतो वस्तुमानावर. इथला जोडीदार तारा ५.६ दिवसांत एक फेरी मारतो. त्याच्या वेगावरून न दिसणाऱ्या भिडूचं वजन काढता येतं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापानुसार ते सूर्याच्या सुमारे २१ पट आहे. न्यूट्रॉन तारा सूर्याच्या तीनेक पटींपलीकडे टिकत नाही. मग उरलं काय? 'हे कृष्णविवर नाही' अशी पैज स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ साली किप थॉर्न यांच्याशी लावली होती. १९९० साली त्यांनी हार मान्य केली.

आता आपल्या घरची गोष्ट. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून 'ॲस्ट्रोसॅट' ही भारताची वेधशाळा अवकाशात गेली. तिच्यावरचं 'लॅक्सपीसी' हे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालं. तत्त्व आपल्या फिजिक्स लॅबमधल्या गायगर काउंटरच्या जवळचं. झेनॉन वायूने भरलेली पेटी, आत उच्च दाबाच्या विजेच्या तारा. क्ष-किरणाचा कण शिरला की अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात, तारेवर विजेची स्पंद उमटते आणि तिची वेळ १० मायक्रोसेकंदांपर्यंत अचूक नोंदली जाते. तेवढ्या वेळात प्रकाश जातो फक्त ३ किलोमीटर! वायू गळू न देणं, व्होल्टेज स्थिर ठेवणं, घड्याळ चुकू न देणं, ही सगळी कामं मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचीच की.

२०१८ साली ॲस्ट्रोसॅटच्या जुन्या नोंदी सर्वांसाठी खुल्या झाल्या. तेव्हा गच्चीवरच्या शंकेखोर मित्रांनो, माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. नोंदी उतरवून घ्या, आलेख काढा आणि किती किलोमीटर येतात ते स्वतःच बघा!