‘वय झाले’ या निदानाआड

उतारवयातले नैराश्य पुष्कळदा शरीराच्या तक्रारींची भाषा बोलते. तरुण माणूस उदास वाटते, रडू येते असे म्हणतो. सत्तरीतली व्यक्ती मात्र तोंडाला चव नाही, अंग दुखते, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, असे सांगत डॉक्टरांकडे जाते, आणि तपासण्यांत काही निघाले नाही की ‘आता वय झाले’ एवढ्यावर विषय मिटतो. वास्तविक वय होणे हा काही आजार नव्हे, आणि नैराश्य हा वयाचा अपरिहार्य भागही नव्हे. निदान दोन आठवडे, दिवसातला बराचसा वेळ मन खिन्न राहणे किंवा एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस उडणे, आणि त्यासोबत झोप, भूक, उमेद, एकाग्रता यांवर परिणाम होणे, याला वैद्यकात नैराश्यविकार म्हणतात. पतीच्या किंवा पत्नीच्या निधनानंतरचा शोक वेगळा. तो येतो, ओसरतो, पुन्हा उसळतो, पण त्यातही नातवंडाच्या बोलण्यावर हसू फुटते.

हा आजार किती दडून राहतो, याची कल्पना ‘लासी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, भारतातील वार्धक्याच्या राष्ट्रीय पाहणीवरून येते. 2017-18च्या तिच्या पहिल्या फेरीत, प्रश्नावलीच्या आधारे पाहिले असता, साठीपुढील सुमारे 8.3 टक्के लोकांमध्ये नैराश्यविकाराची लक्षणे आढळली; ‘आपल्याला नैराश्याचे निदान झाले आहे’ असे सांगणारे मात्र जेमतेम 0.8 टक्के होते. ढोबळमानाने दहांपैकी नऊ जणांच्या त्रासाला नावच मिळालेले नव्हते. ज्येष्ठांसाठी 1980च्या दशकाच्या आरंभी तयार झालेल्या ‘जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल’ या हो-नाही स्वरूपाच्या प्रश्नावलीत शारीरिक तक्रारींचे प्रश्न मुद्दाम टाळले आहेत, ते याच अडचणीमुळे. कारण झोप कमी होणे किंवा थकवा येणे या गोष्टी म्हातारपणी मधुमेहाने, सांधेदुखीने किंवा प्रोस्टेटच्या त्रासानेही होतात, आणि त्यांवरून मनाचा अंदाज बांधता येत नाही.

ओळखल्यावर पुढे काय, या प्रश्नाचे सर्वांत उद्बोधक उत्तर गोव्यातून आले आहे. ‘संगाथ’ ही संस्था आणि तिच्यासोबतचे डॉक्टर यांनी गोव्यातील ग्रामीण व शहरी प्राथमिक दवाखान्यांत येणारे, साठी ओलांडलेले 181 जण एका चाचणीसाठी निवडले. त्यांना पूर्ण नैराश्यविकार जडलेला नव्हता, पण त्याची सौम्य लक्षणे दिसू लागली होती, म्हणजे आजाराच्या उंबरठ्यावरची ही माणसे होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने त्यांचे दोन गट केले गेले. एका गटाला नेहमीची वैद्यकीय सेवा मिळाली आणि दुसऱ्या गटाला त्याखेरीज सहा ते दहा भेटी. या भेटी देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले सामान्य समुपदेशक होते. 2019मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वर्षभरात नेहमीची सेवा घेणाऱ्या 90 जणांपैकी 13 जणांना नैराश्यविकार झाला, तर भेटी मिळालेल्या 91 जणांपैकी केवळ चौघांना. चाचणी लहान होती हे खरे, परंतु एवढा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

या भेटींत घडत काय होते, हे अधिक महत्त्वाचे आहे. त्यांचा गाभा होता ‘समस्या सोडवण्याची उपचारपद्धती’, म्हणजे मनाला खाणाऱ्या अनेक गोष्टींपैकी एक निवडून तिला नेमके शब्द देणे, तिच्यावरचे चार-पाच उपाय मांडणे, त्यांतला झेपेल तो करून पाहणे आणि पुढच्या भेटीत त्याचा हिशेब घेणे. त्याला झोपेच्या सवयींची जोड होती: डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणावर न जाणे, झोप कशीही लागली तरी सकाळी ठरल्या वेळी उठणे, जागे असताना कूस बदलत पडून न राहणे. मधुमेहासारख्या आजारात स्वतःची काळजी कशी घ्यावी हे समजावणे आणि वैद्यकीय व सरकारी योजनांपर्यंत पोहोचायला मदत करणे, हेही त्याच उपचाराचे भाग होते.

हा शेवटचा भाग वाचून काहींना आश्चर्य वाटेल, पण वाटू नये. ज्याच्या झिजलेल्या अंगठ्याचा ठसा यंत्र घेत नाही, म्हणून नोव्हेंबरात हयातीचा दाखला अडतो आणि निवृत्तिवेतन थांबते, त्या माणसाला ‘नामस्मरण करा, मन रमवा’ असे सांगणे ही सांगणाऱ्याची सोय आहे. नामस्मरणाने अनेकांना खरोखर आधार मिळतो, यात वाद नाही. मात्र तो दाखल्याचा पर्याय नव्हे. हीच गोष्ट कानांची. ऐकू कमी येऊ लागलेला माणूस आधी पंगतीत गप्प होतो, मग पंगतीलाच येईनासा होतो, आणि घरच्यांना तो तिरसट झाल्यासारखा वाटतो. अशा वेळी श्रवणयंत्र, आणि ते येईपर्यंत समोर बसून सावकाश बोलणे, हा मनाच्या आरोग्याचाच उपाय ठरतो. गावातला ज्येष्ठ नागरिक संघ किंवा पालिकेचे विरंगुळा केंद्र उपयोगी आहेच, फक्त तिथल्या पायऱ्या चढता आल्या पाहिजेत.

लक्षणे तीव्र असतील तर मात्र एवढ्यावर भागत नाही. थायरॉइडचे विकार, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता आणि काही औषधे यांनीही मन मलूल होते, म्हणून आधी तपासणी हवी. नैराश्याने होणारा विसराळूपणा कधी कधी स्मृतिभ्रंश समजला जातो, हाही धोका आहे. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि ज्येष्ठांमध्ये त्याहूनही अधिक, त्यामुळे आठ दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या बंद करणे चुकीचे आहे. ‘देवाने आता न्यावे’ हे वाक्य मराठी घरांत सवयीने उच्चारले जाते. पण बोलणाऱ्याने जेवण आणि गोळ्या सोडल्या असतील किंवा वस्तूंची वाटणी सुरू केली असेल, तर ते सवयीचे समजू नये, मनात जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार येतो का असे सरळ विचारावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक निःशुल्क आहे, तो रात्रंदिवस चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते.