गर्भपिशवीची भीती आणि गर्भपिशवीची तपासणी

दसरा झाला की पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतल्या वाड्या आणि तांडे ओस पडू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे आपल्या बोलीतला एक 'कोयता', पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात जाऊन उभी राहते. काम चुकले की खाडा, आणि खाड्याचा दंड. अशा बाईने 'अंगावर पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय' हे सांगावे कोणाला? ती दुखणे अंगावर काढते. अगदीच असह्य झाले की दवाखाना गाठते. तिथे काही जणींना एकच उत्तर मिळत आले : 'पिशवी खराब झाली आहे, ठेवलीत तर कॅन्सर होईल.'

२०१९ साली या प्रकाराचा बभ्रा झाला. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. दर सहा जणींत एक! आणि त्यांत पुष्कळ जणी चाळिशीच्याही आतल्या.

श्रोतेहो, मी वैद्य नव्हे, मास्तर आहे. पण 'कॅन्सर होईल' हे जे वाक्य सांगितले जाते त्यात खरे किती, एवढे समजून घ्यायला वैद्य व्हावे लागत नाही.

गर्भपिशवीच्या तोंडाला, म्हणजे गर्भाशयमुखाला, कर्करोग होतो हे खरे आहे. त्याचे कारणही आता पक्के ठाऊक आहे. ह्यूमन पॅपिलोमा नावाचा एक विषाणू आहे. हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन संशोधकाने १९८३-८४ च्या सुमारास या रोगाशी त्याचा संबंध दाखवून दिला, आणि २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी गाठतो, तेव्हा यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न काढू नये. बहुतेकांच्या अंगातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. थोड्या स्त्रियांत मात्र तो ठाण मांडून बसतो, आणि मग कर्करोग व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षे लागतात. पाहा, केवढा अवधी आहे हा! आज पांढरे गेले म्हणून उद्या कर्करोग, असे काही नसते. पांढरे जाण्याची बहुतेक कारणे साध्या औषधाने बरी होणारी असतात. मात्र दोन पाळ्यांच्या मध्ये, संबंधानंतर किंवा पाळी थांबल्यावर रक्त गेले, अथवा स्रावाला घाण वास आला, तर लगेच तपासून घेतले पाहिजे. तपासून, बरं का, कापून नव्हे. पिशवीबरोबर बीजकोषही काढले तर पाळी एकाएकी थांबते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि पुन्हा मोळी उचलायची असतेच.

तपासणीने काय साधते हे जगाला कळले ते आपल्या शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यातून. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांनी परदेशी शास्त्रज्ञांच्या साहाय्याने १९९९ पासून तिथल्या खेड्यांत तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले. एका गटात या विषाणूची चाचणी आयुष्यात फक्त एकदा केली. २००९ साली निष्कर्ष छापून आले. त्या गटातल्या सुमारे चौतीस हजार जणींत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले; तपासणी न झालेल्या सुमारे साडेएकतीस हजार जणींत ६४. त्या शेवटच्या गटाला तपासणी द्यायला हवी होती असा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि मला तो रास्त वाटतो.

दुसरी एक पद्धत आणखी स्वस्त आहे. गर्भाशयमुखाला शिरक्यासारखे सौम्य आम्ल लावतात आणि मिनिटभर थांबतात. दोष असेल तर तिथे पांढरा डाग उमटतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना शिकवून त्यांच्याकरवी हे काम केले, तर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला, असेही नव्हे. पुढची तपासणी करून तेवढाच भाग गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट करता येतो. पिशवी जागच्या जागी राहते.

तुरुंगातल्या स्त्रियांविषयी इंग्लंड-अमेरिकेत अभ्यास झाले, तेव्हा बाहेरच्यांपेक्षा त्यांच्यात हा रोग जास्त आढळला. ज्या बाईचा वेळ तिच्या हाती नाही तिची तपासणी राहूनच जाते. फडाला भिंती नाहीत, पण उचल आहे.

म्हणून ही तपासणी गाव सोडण्यापूर्वी, भाद्रपदातच उरकावी. तिशीनंतर दर पाच वर्षांनी ती करावी असे सरकारी धोरण आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करावी. शिक्षकबंधु-भगिनींनो, शाळेतल्या मुलींसाठी या विषाणूवर लसही आहे. पुण्याच्या सीरम संस्थेची लस २०२३ साली बाजारात आली. ती नऊ ते चौदा या वयात दिलेली उत्तम. पालकसभेत हे सांगाल तेव्हा एवढे जोडा, की लस मुलीला टोचली तरी आईची तपासणी व्हायचीच आहे, आणि मोठेपणी त्या मुलीचीही.