पावडर मुठीने नव्हे, तोलून वापरा

कापड दुकानात परत येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी कापडाच्या नसतात, धुण्याच्या असतात. पांढरा कुर्ता राखाडी पडला, बुरख्याचा काळा रंग विटला, जरीचा दुपट्टा काळवंडला असे गिऱ्हाईक सांगते आणि दोष मालाला लागतो. माल कच्च्या रंगाचा असेल तर जबाबदारी दुकानदाराचीच आहे. परंतु पक्का माल मोरीत खराब होत असेल, तर तेही गिऱ्हाइकाला समजावून सांगितले पाहिजे.

पहिली गोष्ट पाण्याची. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड आहे. वणी-मुकुटबन पट्ट्यात तर जमिनीखाली चुनखडीचा दगड आहे. पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की त्याला जड पाणी म्हणतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरे पाणी मिळत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. अशा पाण्यात साध्या साबणाचा फेस न होता चोथा होतो. तो धाग्यात बसतो, कापड कडक व मळकट दिसते. घरच्या घरी पाहायचे असल्यास बाटलीत पाणी घेऊन साध्या साबणाचा कीस टाका आणि हलवा. फेसाऐवजी दह्यासारख्या कण्या दिसल्या तर पाणी जड समजावे.

1959 साली सर्फ व 1969 साली निरमा बाजारात आल्यावर घरोघरी पावडरची सवय झाली. पावडर जड पाण्यात साबणापेक्षा चांगले काम करते. पण त्याबरोबर एक गैरसमजही पसरला, तो म्हणजे जितका फेस तितकी सफाई. फेस मळ काढत नाही. जादा पावडर कपड्यातच राहते, अंगाला खाज सुटू शकते आणि खळबळायला पाणी जास्त लागते. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह धरणे आटली, तेव्हा एकेका बादलीची किंमत यवतमाळकरांना कळली आहे.

आता मापाचे पाहू. मुठीने पावडर टाकू नये. पुड्यावर दिलेले प्रमाण पाहून तेवढी पावडर दुकानातल्या काट्यावर एकदा तोलावी व तेवढ्याच मापाची वाटी घरात ठेवावी. ब्रँड बदलला की पुन्हा तोलावे, कारण एक पावडर हलकी असते, दुसरी भारी. वाटी तीच असली तरी वजन बदलते. पाणी जड किंवा कपडे फार मळके असतील तर थोडी वाढवावी. नुसता घाम-धूळ असेल तर कमी करावी. दुसऱ्या खळबळणीतही भरपूर फेस निघत असेल तर पावडर जास्त झाली असे समजावे.

हिशेबही किलोच्या भावाने करू नये, एका धुण्याच्या खर्चाने करावा. धुण्याला 40 ग्रॅम लागली तर किलोत 25 धुणी होतात. 60 ग्रॅम लागली तर जेमतेम 16. स्वस्त पुडा नेहमी स्वस्त पडतोच असे नाही.

निवड करताना एवढे ध्यानात ठेवावे :

1. एन्झाइमची पावडर घाम, अन्न, रक्ताचे डाग काढते. अर्धा तास भिजवावे. रक्ताच्या डागाला गरम पाणी लावू नये.

2. रेशीम व लोकर यांना ही पावडर किंवा धुण्याचा सोडा लावू नये; त्यांच्यासाठी वेगळे सौम्य द्रव साबण मिळतात.

3. बुरखा व गडद कपडे उलटे करून, थंड पाण्यात, कमी पावडरने धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. ब्लीच लावू नये.

4. जरी व हातकामाचे कपडे भिजत घालू नयेत. भारी काम असेल तर ड्रायक्लीनला द्यावेत.

5. समोरून उघडणाऱ्या मशीनला कमी फेसाचीच पावडर वापरावी.

व्यापारी, शिंपी व जरीकाम करणाऱ्या बांधवांना विनंती की, माल देताना धुण्याच्या दोन सूचना तोंडी सांगाव्यात. जमल्यास मराठी-उर्दूत छापलेली चिठ्ठी पिशवीत टाकावी. खर्च पैशांचा आहे. पण दोन वर्षांनंतरही कापडाचा रंग टिकून राहिला तर गिऱ्हाईक त्याच दुकानाची, त्याच कारागिराची पायरी चढते.