नकोसा दूरध्वनी आणि नकाराची भाषा

दारावर येणाऱ्या विक्रेत्याला परतवण्याची रीत मराठी घरांनी फार पूर्वीच बसवून ठेवली आहे. बोहारणीशी घासाघीस होते, आणि काही घ्यायचेच नसेल तर ‘आज नको’ एवढे म्हणून दार लोटले जाते. त्यातील ‘आज’ या शब्दाने नकाराची धार बोथट होते, कारण समोरचे माणूस उद्याही त्याच गल्लीतून जाणार असते. दूरध्वनीवरील विक्रेत्याशी असे नाते नसते. त्याच्या लेखी ‘आज नको’ म्हणजे ‘उद्या करा’.

भिलाईत हा पेच अधिक जाणवावा असा आहे. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याभोवती सेक्टरांची वसाहत वाढली आणि नाना प्रांतांतून आलेल्या कामगारांत मराठी कुटुंबेही होती. घरात मराठी, बाहेर हिंदी वा छत्तीसगढी असा त्यांचा व्यवहार. दुसऱ्या भाषेत नकार देताना माणूस गरजेहून अधिक विनम्र होतो, आणि ‘बाद में देखेंगे’ हे उत्तर अर्धी संमती म्हणून ऐकले जाते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या विनियमांनुसार २००७ मध्ये नकाराची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली; २०१० आणि २०१८ च्या विनियमांनी तिला आजचे रूप दिले. १९०९ या क्रमांकावर सर्वच प्रचार बंद करता येतो, अथवा बँक व विमा, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य, पर्यटन अशा वर्गांतून निवड करता येते. मौन मात्र नकार मानले जात नाही. शिवाय एखाद्या कंपनीला दिलेली स्पष्ट संमती या नोंदीवर मात करते. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत असलेल्या चौकटीतली खूण म्हणूनच जपून करावी. (कायद्याची भाषा जितकी बोजड, तितकीच ही खूण सोपी, हे विचित्रच.)

प्रचाराचे दूरध्वनी १४० ने आरंभ होणाऱ्या क्रमांकांवरून यावेत असा नियम आहे. साध्या दहा अंकी क्रमांकावरून कोणी विक्री करू लागल्यास तक्रार १९०९ वरच करावी. २०२५ च्या दुरुस्तीने तिची मुदत ३ दिवसांवरून ७ दिवसांवर नेली, आणि नकार नोंदवलेला नसला तरी अनोंदणीकृत विक्रेत्याविरुद्ध तक्रार करण्याची मुभा दिली.

पोलीस वा सीमाशुल्क अधिकारी असल्याची बतावणी करून ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगणारा दूरध्वनी निराळा. अशी अटक कायद्यात नाहीच. निवृत्तीच्या रकमेवर जगणाऱ्या वृद्धांना येथे त्यांचे सौजन्यच नडते, कारण मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला उत्तर दिलेच पाहिजे असे त्यांना वाटते. उत्तर न देता दूरध्वनी ठेवून द्यावा, आणि पैसे गेलेच असतील तर विनाविलंब १९३० वर कळवावे.