शक्ती अडवावी की वळवावी?

धावून येणाऱ्या धिप्पाड गड्यास एखादा किरकोळ बांध्याचा वृद्ध हाताच्या नुसत्या वळणाने बाजूस घालवितो, तेव्हा पाहणारांस ती गूढ सिद्धी वाटते. चीनमधील ‘ताई ची’ या विद्येविषयी पुष्कळांचा असाच समज आहे. होनान प्रांतातील चेन घराण्याच्या गावी ही विद्या वाढली. तेथे ती शिकून यांग लूचान (१७९९–१८७२) यांनी पेकिंगमध्ये तिचा प्रसार केला. २०२० साली युनेस्कोने तिची मानवी वारशात नोंद केली. आमच्या मते तीत गूढ काही नाही. शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

समजा, ७० किलो वजनाचा माणूस सेकंदास ३ मीटर वेगाने आपल्यावर येत आहे. त्यास ०.३ सेकंदात थांबवावयाचे तर सरासरी ७०० न्यूटन, म्हणजे सुमारे ७१ किलो वजनाइतका जोर लागेल. त्याऐवजी तेवढ्याच वेळात बाजूने २०० न्यूटन, म्हणजे जेमतेम २० किलोंचा रेटा दिला, तर पुढे तो दर मीटरमागे सुमारे २९ सेंटिमीटर बाजूस सरकेल. त्याचा वेग जवळजवळ तोच राहतो. फक्त दिशा बदलते.

दुसरी गोष्ट तोलाची. शरीराच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा दोन्ही पावलांनी व्यापलेल्या जागेत पडतो, तोवरच माणूस उभा राहतो. ढकलणारा समोरच्या विरोधावर रेलतो. अशा वेळी आपण कमरेतून दारासारखे फिरलो, तर तो आधार नाहीसा होतो, ओळंबा त्याच्या बोटांपुढे जातो आणि मग थोडी ओढही पुरते. आमच्या आखाड्यातील धोबीपछाडीतही प्रतिस्पर्ध्याचाच वेग असा कामी येतो.

मात्र हे फुकट मिळत नाही. जेवढा रेटा द्यावा तेवढाच आपणांसही उलट बसतो. तो जमिनीत उतरविण्यासाठी गुडघे वाकवून पाय रोवावे लागतात. शिवाय स्पर्श वेळीच व्हावा लागतो. यासाठी दोघे मनगटास मनगट लावून समोरच्याचा जोर कोणत्या दिशेने येतो, हे ओळखण्याचा सराव करतात. यास ‘तुइशौ’ म्हणतात.

या सरावाचा खरा लाभ लढाईपेक्षा घरात अधिक आहे. ताई चीच्या नियमित अभ्यासाने वृद्धांचे पडणे कमी होते, असे अनेक वैद्यकीय चाचण्यांत आढळले आहे. उतारवयात मांडीचे हाड मोडणे किती महाग पडते, हे ज्या घरी घडले त्यांस सांगावयास नको. आमच्या ज्येष्ठ वाचकांनी वैद्यांचा सल्ला घेऊन, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली ही विद्या अवश्य शिकावी.