बटण दाबलं, आवाज गेला कुठे?

गॅदरिंगच्या ऑर्केस्ट्रात हल्ली कीबोर्डशेजारी लॅपटॉप दिसतो. कीबोर्डच्या फक्त पट्ट्या वापरायच्या. पियानो, स्ट्रिंग्ज, बासरी हे आवाज मेनस्टेज किंवा गिग परफॉर्मरसारख्या सॉफ्टवेअरमधून येतात. मुखडा पियानोवर संपतो, अंतऱ्याला स्ट्रिंग्ज हव्यात, वादक बटण दाबतो... आणि स्पीकरमधून 'कर्रर्र', नाहीतर चक्क शांतता! गायिका माईक धरून उभी, मागच्या रांगेतून शिट्ट्या सुरू. असं का होतं?

साउंड कार्डला आवाज तुकड्यातुकड्यांनी पुरवावा लागतो. या तुकड्याला बफर म्हणतात. सेकंदाला 44,100 सॅम्पल्स आणि 256 सॅम्पल्सचा बफर धरला, तर एका तुकड्यासाठी सीपीयूला मिळतात जेमतेम 5.8 मिलिसेकंद. सबमिशनला एक्स्टेन्शन मिळतं, इथे नाही! एक तुकडा उशिरा आला की 'कर्रर्र' ठरलेलं. म्हणून मीटर सरासरी 40 टक्के दाखवत असला तरी गाफील राहू नये. एका क्षणाचा ताणही पुरतो.

आवाज बदलताना नेमका हाच ताण येतो. आपल्या रूमवर बघा: डिस्क म्हणजे कॉटखालची ट्रंक, रॅम म्हणजे टेबल आणि सीपीयू म्हणजे अभ्यास करणारे तुम्ही. व्हायवाला सरांनी प्रश्न विचारल्यावर ट्रंक उघडायला पळून कसं चालेल? सॅम्पल केलेला चांगला पियानो कित्येक जीबींचा असतो. तो आयत्या वेळी लोड करायला काही सेकंद सहज जातात. म्हणून आवाज आधीच रॅममध्ये हवेत. 1998 च्या गिगासँपलरने यात एक युक्ती आणली: प्रत्येक स्वराची फक्त सुरुवात रॅममध्ये ठेवायची, उरलेला भाग वाजता वाजता डिस्कवरून आणायचा. आजचे बरेच सँपलर हेच करतात, त्यामुळे एसएसडीचा फायदा होतो.

दुसरी भानगड सीपीयूची. पियानोचा शेवटचा स्वर विरायच्या आत स्ट्रिंग्ज सुरू होतात, म्हणजे क्षणभर दोन्हींचा भार. जुना आवाज लगेच तोडला तर कानाला खटकतं. विरल्यावरही चालू ठेवला तर सीपीयू फुकट राबतो. म्हणून तो पूर्ण विरू द्यावा, मग त्याचं प्लगइन बायपास करावं. ते रॅममध्ये राहतं, पण सीपीयूला जवळजवळ त्रास देत नाही.

मग करायचं काय? बारा गाण्यांना बारा पियानो उघडू नका. एकच सगळ्यांत वापरा. रिव्हर्बही एकच सामायिक ठेवा. रॅम कमी असेल तर गिग परफॉर्मरमध्ये फक्त आसपासचे आवाज लोड ठेवायची सोय आहे. पण मध्येच कुणी फर्माईश केली तर थांबावं लागेल, हे गायकाला आधीच सांगा. वायफाय बंद ठेवा, चार्जर लावा. आणि रिहर्सलला सुटे आवाज नुसते वाजवून पाहू नका. सगळ्यात जड दोन आवाज निवडा, पेडल दाबून ठेवा आणि भराभर अदलाबदल करा. लॅपटॉप त्यात टिकला, तर स्टेजवरही टिकेल.